उभं विमान नको, उडतं विमान घ्या : वापरलेलं छोटं विमान निवडण्याची रीत

गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर भाचा आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या घरी आला. त्याच्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना आहे. एक दातांचा डॉक्टर आणि एक पीथमपूरचा कारखानदार, असे दोन मित्र मिळून तिघांनी एक विमान घ्यायचं ठरवलं होतं. त्याने फोन पुढे केला. "मामा, यातलं कुठलं घेऊ?" दोन्ही सेस्ना १७२. एक आरशासारखं चकचकीत, दुसऱ्याच्या पंखांवरचा रंग उडालेला. मी फोन बाजूला ठेवला आणि म्हणालो, "फोटो राहू दे. लॉगबुकं मागव."

माझी पस्तीस वर्षं विमानांचे काउलिंग, म्हणजे इंजिनावरची झाकणं, उघडण्यात गेली. एवढ्या वर्षांत पक्कं झालेलं एक मत आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. छोट्या विमानाला उडण्याने जेवढी इजा होते, त्याहून जास्त उभं राहण्याने होते. कमी तास उडालेलं विमान म्हणजे चांगलं विमान, हा हिशेब मोटारीच्या बाजारातून आलाय. विमानाला तो लागू पडत नाही. का, ते इंजिनाच्या भागात येईलच.

आधी उड्डाण ठरवा, मग विमान

मी तिघांना समोर बसवून पहिला प्रश्न विचारला, "वर्षातून सगळ्यात जास्त वेळा कुठे जाणार?" गोव्याला, दिल्लीला, अशी उत्तरं आली. मी म्हटलं, ती वर्षातून एकदा. दर महिन्याला काय? तेव्हा खरं उत्तर आलं: रविवारी सकाळी तासभर भोपाळच्या बाजूला, कधी जळगाव, कधी छत्रपती संभाजीनगर. बहुतेक वेळा दोघं, कधीमधी तिघं.

संभाजीनगर इंदूरहून हवेतून सव्वातीनशे किलोमीटरच्या आत आहे. दोन खुर्च्यांच्या सेस्ना १५२ ला पावणेदोन तास, १७२ ला दीड तास. पंधरा मिनिटांच्या फरकासाठी कुणी विमान बदलत नाही. फरक पडतो तो वजनाने आणि उन्हाने.

इंदूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १८५० फुटांवर आहे. या उंचीला प्रमाण तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यात दुपारी पारा ४२ वर गेला की प्रमाणापेक्षा ३१ अंश जास्त झाले. दर अंशाला साधारण १२० फूट या हिशेबाने ३७०० फूट वाढले. म्हणजे विमान धावपट्टीवर उभं असलं तरी इंजिनाला आणि पंखांना साडेपाच हजार फुटांवरची पातळ हवा मिळते. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना तीनेक टक्के ताकद गमावतं. १५२ ची ११० अश्वशक्ती नव्वदीवर येते, १७२ ची १६० असेल तर ती १३५ च्या आत. आपली धावपट्टी पावणेतीन किलोमीटरची आहे, त्यामुळे विमान उठेल. प्रश्न त्यापुढे येतो. दक्षिणेला निघालात की विंध्याचा कडा उतरून नर्मदेचं खोरं लागतं आणि पलीकडे सातपुडा उभा असतो. तिथे चढाईचा दर हवा. छोट्या हवाईपट्ट्यांवर तर धावच कमी पडू शकते.

म्हणून विमान बघायला जाण्याआधी त्या मॉडेलच्या हँडबुकातले टेक-ऑफ आणि चढाईचे तक्ते घ्या आणि ४० अंश तापमानाचा रकाना वाचा. विकणारा नेहमी समुद्रसपाटीचा आकडा सांगतो. आपल्याकडे पहाटे थंड हवेत उडायची सोय आहे, मालव्याच्या रात्री गार असतात. पण दुपारी परत यावं लागणारच.

वजनाचा हिशेब त्याच बैठकीत उरका. १५२ चं कमाल वजन ७५७ किलो. खऱ्या आयुष्यातलं रिकामं वजन ५१० किलोच्या घरात, म्हणजे उरले २४७. वापरण्याजोगं सगळं पेट्रोल भरलं की त्यातले ६७ किलो गेले. उरलेल्या १८० किलोंत दोन धडधाकट माणसं आणि एक पिशवी. १७२ एन, म्हणजे १७२ चा एक जुना प्रकार, त्याचं कमाल वजन १०४३ किलो. टाक्या भरल्या तर तीन मोठी माणसं नीट बसतात. चौथं माणूस हवं असेल तर पेट्रोल कमी भरावं लागतं. जाहिरातीत 'फोर सीटर' लिहिलेलं असतं, ते खुर्च्यांबद्दल असतं. आणि रिकामं वजन माहितीपत्रकातलं घेऊ नका. त्या विशिष्ट विमानाच्या ताज्या वजनपत्रकातलं घ्या. चाळीस वर्षांत रंगाचे थर, नवे रेडिओ, जाड गाद्या असं करत वीस-तीस किलो सहज वाढलेले असतात.

कुठे ठेवणार, कोण बघणार, काय पाजणार

ही तीन उत्तरं हातात नसतील तर विमान बघायला जाऊच नका.

हँगर मिळणार आहे का, हे लेखी विचारा. उघड्यावर ठेवलं तर मे महिन्याचं ऊन काचा आणि रबरी सील खातं, जून ते सप्टेंबरचा पाऊस उरलेलं. कुंभारमाशी वेग मोजणाऱ्या पिटो नळीत मातीचं घर करते आणि हवेत गेल्यावर वेगाचा काटा हलत नाही. साळुंकीला काउलिंगखालचा कोपरा घरट्यासाठी दोन दिवसांत सापडतो. उंदरांनी कुरतडलेल्या तारा मी कितीदा बदलल्या त्याची गणती नाही.

देखभाल कुणाकडे, हा दुसरा प्रश्न. डीजीसीएची, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, मान्यता असलेली संस्था हवी आणि त्या मान्यतेत तुमचं मॉडेल हवं. सेस्ना १७२ आणि १५२ वर हात बसलेले इंजिनियर मध्य भारतात सापडतात, कारण फ्लाइंग क्लबांनी आणि प्रशिक्षण संस्थांनी हीच विमानं पिढ्यान्‌पिढ्या वापरली. आपल्या इंदूरच्या मध्य प्रदेश फ्लाइंग क्लबच्या आवारात कितीतरी वैमानिक घडले. एखादं देखणं, वेगळं युरोपियन विमान स्वस्तात मिळेल, पण त्याच्या एका सीलसाठी दोन महिने विमान जमिनीवर राहील.

तिसरं इंधन. ही इंजिनं एव्हगॅस १०० एलएल या विमानाच्या पेट्रोलवर चालतात. तो पूर्वी आयात व्हायचा. २०२२ पासून इंडियन ऑइल वडोदऱ्याच्या गुजरात रिफायनरीत बनवते, ही आपल्यासाठी मोठी सोय झाली. तरी प्रत्येक विमानतळावर तो मिळत नाही. जिथे जाणार तिथली चौकशी आधी करा. जेट इंधन मात्र एअरलाइनच्या बहुतेक विमानतळांवर असतं आणि डायमंड डीए ४० च्या डिझेल इंजिनवाल्या विमानांचं आकर्षण तिथेच आहे. एक इशारा इथेच देतो. रोटॅक्स ९१२ इंजिनाची हलकी विमानं पंपावरच्या पेट्रोलवर चालतात असं सांगून विकली जातात. रोटॅक्सची परवानगी १० टक्के इथेनॉलपर्यंत आहे आणि आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. त्या बोलण्यावर खर्चाचा अंदाज बांधू नका.

कोणतं मॉडेल

याला लोक सगळ्यात जास्त वेळ देतात. माझ्या मते सगळ्यात कमी द्यावा. वापरलेल्या विमानात मॉडेलपेक्षा ते एक विमान कसं जगलं, ते मोठं. तरी प्रत्येकाची ठरलेली दुखणी असतात, ती माहीत हवीत.

सेस्ना १५२ हे १९७७ ते १९८५ या काळात बनलं. दोघांसाठी, सरावासाठी, तासाला वीस-बावीस लिटर पिणारं. इंदूरच्या दुपारी दोन वजनदार माणसांसाठी अपुरं.

१७२ हे जगातलं सर्वांत जास्त संख्येने बनलेलं विमान, ४४ हजारांच्या वर. त्यामुळे सुटे भाग आणि जाणकार माणसं दोन्ही मिळतात. पण वर्षं नीट बघा. १९७७ ते १९८० च्या १७२ एन मध्ये लायकॉमिंग कंपनीचं ओ-३२०-एच२एडी इंजिन आहे आणि त्याच्या कॅमची (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेटची (कॅमवर टेकणारा भाग) झीज कुप्रसिद्ध आहे. त्यासाठी लायकॉमिंगने तेलात घालायचं खास द्रव्यही काढलं. असं विमान बघत असाल तर ते द्रव्य दर तेलबदलाला घातल्याची नोंद शोधा. १९८१ पासूनच्या १७२ पी मध्ये इंजिन बदललं. उत्पादन १९८६ ला थांबून १९९६ ला पुन्हा सुरू झालं, तेव्हाची १७२ आर आणि नंतरची १८० अश्वशक्तीची १७२ एस फ्युएल इंजेक्शनवाली आहेत. इंजेक्शनमुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरण्याची कटकट गेली, पण उन्हाळ्यात गरम इंजिन पुन्हा सुरू करताना हात सरावलेला लागतो. आपल्या हवेसाठी पैसे पुरत असतील तर मी १७२ एस घेईन.

कुठल्याही सेस्नात खुर्चीचे रूळ स्वतः तपासा. रुळाची भोकं लांबट झाली, पिना झिजल्या, की टेक-ऑफच्या जोरात खुर्ची मागे सरकते आणि वैमानिक स्टिअरिंगसकट मागे जातो. यात माणसं गेली आहेत. याबद्दलची एडी, म्हणजे सक्तीची तपासणी, १९८७ ची, २०११ मध्ये नव्याने निघालेली. खुर्चीत बसा, लॉक करा आणि पायाने फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीच्या) दिशेने रेटा देऊन मागे ढकलून बघा.

पायपरची वॉरियर आणि आर्चर ही खालच्या पंखांची विमानं. उतरताना जमिनीवर छान बसतात, १८० अश्वशक्तीची आर्चर ओझंही बरं उचलते. पण दार एकच, उजवीकडे, आणि वर पंखाची सावली नाही. मे महिन्यात टॅक्सी करताना आतली माणसं भाजून निघतात. पेट्रोल आलटून-पालटून डाव्या-उजव्या टाकीवर न्यावं लागतं. १७२ च्या सवयीचा माणूस ते विसरतो. पायपरचा खरा विषय पंखाच्या मुख्य स्पारचा, म्हणजे पंख पेलणाऱ्या आतल्या तुळईचा आहे. २०१८ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत डेटोना बीचला प्रशिक्षणाच्या एका पायपर अॅरोचा पंख हवेत तुटला. भेगा बोल्टच्या भोकांतून सुरू झाल्या होत्या. त्यानंतर पीए-२८ घराण्यातल्या (वॉरियर, आर्चर, अॅरो यातलीच) बऱ्याच विमानांना एडी करंटने, म्हणजे धातूतली भेग विजेने शोधणाऱ्या चाचणीने (सक्तीच्या तपासणीची एडी वेगळी), ती भोकं तपासण्याची सक्ती झाली. तपासणी कधी लागते याचं सूत्र प्रशिक्षणाचे तास पूर्ण मोजतं, खासगी उड्डाणाचे तास सतराने भागून. म्हणून पायपर घेताना 'एकूण तास किती' एवढं पुरत नाही. 'दर शंभर तासांची तपासणी किती वेळा झाली' हेही मोजा, कारण प्रशिक्षणाचे तास त्यावरूनच धरतात, आणि एडी करंटचा अहवाल प्रत्यक्ष बघा.

डीए ४० चं अंग धातूचं नाही, कंपोझिटचं. गंजत नाही, पण ठोकर लागली तर आतली इजा वरून दिसत नाही आणि दुरुस्ती करणारे मोजके. डिझेल इंजिनाचे गिअरबॉक्ससारखे भाग ठरलेल्या तासांनी बदलावे लागतात. त्यांचे उरलेले तास विचारल्याशिवाय किंमत बोलू नका.

परदेशातलं विमान जाहिरातीत स्वस्त दिसतं. सोडवणं, कंटेनर, पुन्हा जोडणं, कर, तिथलं निर्यातीचं प्रमाणपत्र, डीजीसीएच्या वयाच्या अटी, हे सगळं बेरजेत धरलं की तो स्वस्तपणा उरत नाही. पहिलं विमान घेणाऱ्याने व्हीटी, म्हणजे भारतीय नोंदणीचं, भारतात उडत असलेलं विमान घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कागद वाचायला दोन दिवस द्या

विमान बघायला जाताना पहिला दिवस विमानाला हात लावू नका. टेबल मागा, चहा मागा आणि लॉगबुकं उघडा. विमानाचं, इंजिनाचं, प्रॉपचं म्हणजे पंख्याचं, आणि प्रवासाचं जर्नी लॉग. नोंदणी प्रमाणपत्र, सी ऑफ ए (उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र), दर वर्षीची एआरसी (त्याच्या फेरतपासणीचं प्रमाणपत्र), रेडिओचा परवाना, विमा, वजनपत्रक. नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचं नाव असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सुरुवातीपासूनची सलग लॉगबुकं हवीत. मधलं एखादं 'हरवलं' असेल तर ते बहुतेकदा विमानाच्या आयुष्यातल्या सगळ्यात वाईट काळाचं असतं. अपघात लॉगबुकात 'अपघात' म्हणून लिहिलेला नसतो. तो असा शोधावा लागतो: एकाच महिन्यात नवा प्रॉप, नोज गिअरचे (पुढच्या चाकाचे) भाग आणि इंजिन उघडल्याची नोंद. प्रॉप जमिनीला लागला असेल तर लायकॉमिंगच्या सूचनेप्रमाणे इंजिन उघडून तपासलेलं असायला हवं. प्रॉप बदलला आणि इंजिन उघडलंच नाही, अशी नोंद दिसली तर मी तिथूनच परत फिरतो.

एडींची यादी स्वतः तयार करा. अमेरिकेच्या एफएएच्या संकेतस्थळावर मॉडेलप्रमाणे सगळ्या मिळतात. एक-एक ओळ घेऊन लॉगबुकात तारीख आणि सही शोधा. फक्त 'सर्व एडी पूर्ण' असा शिक्का मारलेला असेल तर तो पुरावा नाही.

आणि आता ज्यासाठी मी भाच्याला लॉगबुकं मागवायला लावली, ते. जर्नी लॉग घ्या आणि दर महिन्याचे उडालेले तास एका कागदावर उतरवा. चकचकीत विमानाचा कागद असा निघाला: २०१४ ते २०२३ या वर्षांत मिळून ४१ तास. काही वर्षी एकही उड्डाण नाही. रंग उडालेल्या विमानाचा कागद: दर महिन्याला पंचवीस-तीस तास, पावसाळ्यात थोडे कमी, चार वर्षं खंड नाही.

इंजिन

लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट, म्हणजे कॅमचा दांडा, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) वर बसतो. इंजिन थांबलं की तेल ओघळून खाली जातं आणि काही आठवड्यांत कॅम कोरडा पडतो. मग पावसाळ्याची दमट हवा आत शिरते आणि कॅमच्या उंचवट्यांवर गंजाचे बारीक ठिपके धरतात. पुढे इंजिन चालू केलं की ते ठिपके टॅपेटवर घासतात आणि धातू निघू लागतो. लायकॉमिंगच्या सूचनेत तीस दिवसांत किमान एकदा, तासभर, तेल ७४ ते ९३ अंशांवर ठेवून उडवायला सांगितलंय. 'आम्ही दर आठवड्याला जमिनीवर सुरू करतो' असं कुणी अभिमानाने सांगितलं तर समजून घ्या की त्रास वाढवून ठेवलाय. जमिनीवर चालवल्याने तेल पुरेसं तापत नाही. जळणातून तयार होणारं पाणी आतच राहतं.

कॅम बघायला सिलिंडर किंवा टॅपेट काढावे लागतात. विकणारा नको म्हणतो. लांब उभं राहिलेल्या विमानाला ही तपासणी करू देत नसेल, तर ते इंजिन संपलेलं आहे असं धरूनच किंमत बोला.

कॉम्प्रेशन चाचणी गरम इंजिनावर, तुमच्या इंजिनियरच्या हाताने. ८० पीएसआय हवा आत देऊन किती टिकते ते बघतात. ७० च्या वर असेल तर समाधान. ६० च्या खाली गेलं तर सिलिंडर काढायची वेळ आली. एक सिलिंडर बाकीच्यांपेक्षा १०-१५ ने मागे असेल तर कारण शोधा. आकड्यापेक्षा कान महत्त्वाचा. हवा एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुसली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. रिंगांची थोडी गळती सहन होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची नाही. बोरस्कोप, म्हणजे नळीसारखा छोटा कॅमेरा, घालून त्या व्हॉल्व्हचा चेहरा बघा. रंग मध्यापासून सगळीकडे सारखा हवा. एका कडेला वेगळा डाग दिसला तर तिथून तो जळायला लागलाय.

तेलाचा फिल्टर कापा, पडदा उलगडून उन्हात धरा. लोहचुंबकाला चिकटणारे बारीक तुकडे दिसले तर थांबा. तेल किती खातं ते जर्नी लॉगमधून काढा. १६० अश्वशक्तीला तासाला अर्धा लिटर ही कंपनीची वरची सीमा आहे. चांगलं इंजिन सहा-सात तासांना लिटर घेतं.

'टॉप केलंय' या शब्दाने फसू नका. टॉप म्हणजे फक्त सिलिंडर बदलले. क्रँक, कॅम, बेअरिंग तसेच. ओव्हरहॉलचे (इंजिन पूर्ण उघडून नव्याने जोडल्यापासूनचे) तास त्याने शून्यावर येत नाहीत. मॅग्नेटोची (ठिणगी देणारं यंत्र) पाचशे तासांची तपासणी कधी झाली, प्रॉपचं ओव्हरहॉल कधी, तेही लिहून घ्या.

अंग

टॉर्च घ्या, छोटा आरसा घ्या आणि जमिनीवर झोपा. अॅल्युमिनियमचा गंज पांढऱ्या भुकटीसारखा असतो. बॅटरीखाली, गालिचाखाली, शेपटीच्या पोटात, सेस्नाच्या स्ट्रटच्या (पंखाला खालून आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना शोधा. रंगाखाली किड्याने बोगदा केल्यासारख्या नागमोडी रेषा दिसल्या तर तोही गंजच. म्हणून नवाकोरा रंग बघून मी खूश होत नाही. रंगाआधीचे फोटो मागतो. रिव्हेटभोवती काळा ओघळ म्हणजे ते सैल आहे. पंखाखाली निळा डाग म्हणजे एव्हगॅस गळतोय, त्याचा रंगच निळा असतो.

प्रशिक्षणातून आलेल्या १७२ ची फायरवॉल काउलिंग काढून बघा. नाकावर आदळलेल्या लँडिंगने तिथे सुरकुत्या पडतात. शेपटीखालची बांधायची कडी घासलेली आहे का तेही बघा.

रेडिओ आणि पडद्यांवर मी फार थांबत नाही. ते बदलता येतात. फक्त दोन गोष्टी: ट्रान्सपाँडर (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) चालू हवा आणि ईएलटी (अपघात झाल्यावर संकेत पाठवणारं यंत्र) ४०६ मेगाहर्ट्झची हवी. जुन्या १२१.५ वाल्यांवर उपग्रहांनी २००९ पासून लक्ष ठेवणं बंद केलंय.

उडवून बघा

थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू व्हायला हवं. आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा या. १७२ एन मध्ये १७०० फेऱ्यांवर मॅग्नेटो तपासताना घट १२५ पेक्षा जास्त नको, दोन्हींतला फरक ५० पेक्षा जास्त नको. पूर्ण ताकदीवर ब्रेक धरून किती फेऱ्या येतात ते हँडबुकाशी ताडा. हवेत हात सोडून बघा, एका बाजूला झुकतं का. फ्लॅप सगळे, हीटर, दोन्ही टाक्या. तासभर उडा. दहा मिनिटांची चक्कर म्हणजे चाचणी नव्हे. उतरल्यावर लगेच काउलिंग उघडून ताजं तेल कुठे ओघळलंय ते बघा.

मग गणित

आकडे गोल करून सांगतो, बाजारभाव म्हणून घेऊ नका. चकचकीत विमान ४२ लाख, इंजिन ओव्हरहॉलनंतर २५० तास. रंग उडालेलं ३६ लाख, ओव्हरहॉलनंतर १३५० तास. दोघांचा टीबीओ, म्हणजे दोन ओव्हरहॉलमधली मुदत, २००० तास. ओव्हरहॉलचा खर्च ३० लाख धरू.

संपलेले तास ओव्हरहॉलच्या खर्चात मोजून किमतीत मिळवा. पहिल्याचे साडेबारा टक्के संपले, पावणेचार लाख. एकूण पावणेसेहेचाळीस. दुसऱ्याचे साडेसदुसष्ट टक्के, सव्वावीस लाख. एकूण सव्वाछप्पन. भाचा म्हणाला, "मामा, म्हणजे पहिलंच स्वस्त ना?"

मी ओव्हरहॉलची तारीख दाखवली. २०११. लायकॉमिंगचा टीबीओ तासांचा असतो तसा बारा वर्षांचाही असतो. ती बारा वर्षं २०२३ मध्येच संपली. अडीचशे तास असले तरी ते इंजिन संपूर्ण वापरलेलं धरायचं आणि आपल्याकडे टीबीओपलीकडे चालवण्याची सवलत गृहीत धरून खरेदी करायची नाही. म्हणजे पहिलं विमान ७२ लाखांचं झालं, कोरड्या कॅमची शंका धरली तर त्याहून वर. दुसऱ्याचं ओव्हरहॉल २०२१ चं. ६५० तास उरले, वर्षाला १२० उडाले तर पाच वर्षं आणि वर काही महिने.

तिघांनी दुसऱ्या विमानाची बोलणी धरली. तपासणीत एक कमजोर सिलिंडर, झिजलेले खुर्चीचे रूळ आणि मुदत संपलेला प्रॉप निघाला. हे सगळं लिहून, प्रत्येकासमोर खर्च मांडून किंमत कमी करून घेतली. तुम्हीही असंच करा. 'थोडं कमी करा' म्हणू नका, यादी पुढे ठेवा. बयाणा देताना करारात लिहा की तपासणीत अमुक निघालं तर पैसे परत. तपासणारा इंजिनियर त्या विमानाची नेहमीची देखभाल करणारा नसावा. मालकी बदलाचा अर्ज डीजीसीएच्या ईजीसीए पोर्टलवर जातो. विमा तुमच्या नावावर झाल्याशिवाय विमान हलवू नका. तिघांत विमान असेल तर कोण कधी उडवणार, इंजिनासाठी तासामागे किती बाजूला टाकणार आणि एकाला बाहेर पडायचं असेल तर काय, हे स्टॅम्पपेपरवर आधी. मैत्रीत लिहून घ्यायला लाजू नका.

जानेवारीत विमान इंदूरला आलं. पंचवीस तासांनी तेल बदललं. फिल्टर मीच कापला, पडदा उलगडला, बाहेर उन्हात धरला. स्वच्छ होता. भाच्याने लॉगबुकात नोंद केली आणि पुढच्या रविवारी पहाटे तिघं जळगावला निघाले.